आकडा दिसला म्हणून संख्या नव्हे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील ‘माझं काम’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय एकच दिला आहे: तुम्ही रोज नेमकं काय करता ते वर्गाला समजेल असं सांगा. आपल्यातले जे डॉक्टर झाले, शेती करतात, दुकान चालवतात, त्यांचं काम सांगायला सोपं आहे. माझ्याबद्दल घरचेसुद्धा अजून ‘ही कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगतात. आज जरा पुढं जायचा प्रयत्न करते. गणिताच्या सरांनी आणि मराठीच्या बाईंनी, दोघांनीही लक्ष द्यावं ही विनंती, कारण माझा विषय तुमच्या दोघांच्या तासांच्या मधोमध येतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका संस्थेच्या संगणकातली माहिती दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला समजेल अशा रीतीनं पोचवायची, हे माझं काम. ही माहिती फाइलमधून जाते. त्या फाइली लिहिण्याची एक जगभर चालणारी पद्धत आहे, तिला एक्सएमएल म्हणतात. तिची पहिली अधिकृत आवृत्ती १० फेब्रुवारी १९९८ ला आली, म्हणजे आपण दहावी होऊन या शाळेच्या बाहेर पडत होतो त्याच सुमारास. आपल्या वर्गाचं प्रगतिपुस्तक त्या पद्धतीत लिहिलं तर असं दिसेल:

<विद्यार्थी>
<क्रमांक>७</क्रमांक>
<नाव>सविता</नाव>
<सहामाही>९५</सहामाही>
<वार्षिक>१००</वार्षिक>
</विद्यार्थी>

कंसातली नावं मराठीत लिहिली तर चालतात का, असं कुणी विचारेल. अगदी चालतात. आकडे मात्र मी इथं आपल्या छपाईच्या सवयीनं देवनागरी लिहिले आहेत. संगणकातल्या फाइलमध्ये ते इंग्रजी आकडे आहेत असं तूर्त धरून चला. ‘तूर्त’ का म्हणते, ते पुढं येईल.

आता प्रश्न असा, की वार्षिक या कंसात जे १०० लिहिलं आहे, ते काय आहे? तुम्ही म्हणाल, संख्या. संगणक तसं म्हणत नाही. त्याच्या दृष्टीनं तिथं एक, शून्य, शून्य अशी तीन अक्षरं शेजारी शेजारी बसली आहेत, जशी ‘सविता’मधली अक्षरं बसली आहेत. कंसातलं ‘वार्षिक’ हे नाव डब्यावरच्या चिठ्ठीसारखं आहे. चिठ्ठी आपण वाचतो आणि आत साखर असणार हे ओळखतो. संगणकाला चिठ्ठी दिसते, पण तिचा अर्थ कळत नाही. आतलं १०० हे गुण आहेत, घर क्रमांक आहे की पोलिसांना फिरवायचा नंबर आहे, हे फाइल सांगत नाही. या अवस्थेला आमच्या धंद्यात ‘अनटाइप्ड’ म्हणतात. प्रकार चुकला आहे असा त्याचा अर्थ नाही. प्रकार अजून ठरलेलाच नाही, एवढाच अर्थ आहे.

मग तो ठरवतं कोण? जो प्रश्न विचारतो तो. अशा फाइलींना प्रश्न विचारण्यासाठी एक्सपाथ आणि एक्सक्वेरी नावाच्या भाषा आहेत. प्रकार न ठरलेल्या मूल्याशी कसं वागायचं याचे त्यांचे आजचे मुख्य नियम २३ जानेवारी २००७ ला जाहीर झाले. ते नियम पाठ करायची गरज नाही. प्रगतिपुस्तकावर लावून बघितले की लगेच समजतात. चार मुलांचे गुण घेऊ: १००, ९५, ८८ आणि ९.

पहिला नियम. तुम्ही बेरीज, सरासरी किंवा सर्वांत मोठा आकडा विचारलात, तर तुम्ही गणित करताय हे ओळखून संगणक त्या अक्षरांची संख्या करतो. सर्वाधिक गुण किती? १००. बरोबर.

दुसरा नियम. गुणांप्रमाणे उतरता क्रम लावा असं सांगितलंत, आणि हे गुण संख्या आहेत असं मुद्दाम बजावलं नाहीत, तर तो त्यांना मजकूर समजतो आणि शब्दकोशासारखा क्रम लावतो. शब्दकोशात आपण शब्द किती अक्षरी आहे ते बघत नाही. पहिलं अक्षर बघतो, ते सारखं असेल तर दुसरं. त्या हिशेबानं यादी अशी लागते: ९५, ९, ८८, १००. शंभर गुणांची मुलगी शेवटी, आणि ९ वाला गडी दुसरा! गंमत अशी, की त्याच कागदावर वरच्या चौकटीत ‘सर्वाधिक गुण १००’ हेही छापलेलं असतं. एकाच फाइलमधून, एकाच क्षणी, दोन वेगळी सत्यं बाहेर येतात, आणि संगणकानं एकही नियम मोडलेला नसतो.

तिसरा नियम तुलनेचा. ‘गुण ३५ पेक्षा जास्त’ असं विचारलं तर समोर संख्या आहे म्हणून फाइलमधल्या अक्षरांचीही संख्या होते. निकाल बरोबर लागतो. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं त्या ३५ ला अवतरणचिन्हं लावली, तर समोर मजकूर आला. मग फाइलमधलंही मजकूरच राहतं. शब्दकोशाच्या न्यायानं १०० हे ३५ च्या आधी येतं, कारण १ हा ३ च्या आधी. आणि ९ हे ३५ च्या नंतर येतं. निकाल: शंभर गुणांची मुलगी नापास, नऊवाला पास. फरक फक्त दोन अवतरणचिन्हांचा. मराठीच्या बाई विरामचिन्हांचे गुण कापायच्या तेव्हा आम्ही कुरकुर करायचो. इथं गुण दुसऱ्याच कुणाचे कापले जातात.

चौथा नियम सगळ्यांत फसवा आहे. तुलनेच्या दोन्ही बाजूंना फाइलमधलीच मूल्यं असतील, तर दोन्ही बाजूंचा प्रकार ठरलेला नसतो आणि कुणी कुणाला सांगायचं हा प्रश्न पडतो. नियम म्हणतो, दोन्ही मजकूर समजा. सहामाहीपेक्षा वार्षिकला कुणाची प्रगती झाली, असा साधा प्रश्न विचारा. सविताला सहामाहीत ९५ आणि वार्षिकला १००. उत्तर येतं: सविता मागं पडली. १९९९ च्या जुन्या एक्सपाथमध्ये ‘पेक्षा कमी’, ‘पेक्षा जास्त’ या तुलना नेहमी संख्या समजूनच व्हायच्या. म्हणजे हाच प्रश्न जुन्या नियमांनी बरोबर उत्तर द्यायचा आणि नव्या नियमांनी चुकीचं देतो. असे प्रोग्राम जुन्यावरून नव्यावर नेताना ही जागा आम्हाला एकेक करून तपासावी लागते, कारण इथं कुठंही लाल अक्षरात सूचना येत नाही. निकाल येतो, सुबक छापलेला असतो, आणि खोटा असतो.

आता गैरहजर मुलाचं काय? गुणांच्या जागी सरांनी ‘गैरहजर’ असं लिहिलं आहे. जुने नियम त्याची संख्या करायला जायचे, जमायचं नाही, आणि मग ‘ही संख्या नाही’ अशा एका खास खुणेवर समाधान मानायचे. त्या खुणेची कशाशीही तुलना केली, मोठी की लहान, तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. ३५ किंवा जास्त? नाही. ३५ पेक्षा कमी? नाही. म्हणजे ते पोरगं पासांच्या यादीतही नाही आणि नापासांच्या यादीतही नाही. कागदोपत्री ते वर्गातच नाही. नवे नियम अशा ठिकाणी काम थांबवतात आणि ‘या शब्दाची संख्या होत नाही’ असं स्पष्ट सांगतात. कार्यालयातल्या लोकांना ते आवडत नाही. सिस्टीम बंद पडली म्हणून फोन येतात. मला विचाराल तर मी दर वेळी बंद पडणारी सिस्टीम पत्करेन. बंद पडली तर कुणीतरी येऊन बघतं. हरवलेल्या पोराला शोधायला कुणी येत नाही, कारण ते हरवलंय हेच माहीत नसतं.

हे ऐकून वाटेल, की नियम करणारे वेडेच होते. तसं नाही. एक्सएमएलमध्ये कादंबऱ्या, कायदे असेही ग्रंथ साठवतात आणि बिलं, पगारपत्रकंही साठवतात. ग्रंथाला क्रम शब्दकोशाचा हवा, बिलाला बेरीज हवी. दोघांचं भागावं म्हणून हे सोयीचे नियम झाले. सोय वाईट नसते. पण आपल्या ऐवजी सोयीनं निर्णय घेतलाय हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आता उलट बाजू. आकडे दिसले की संख्या करून टाकणं हाच उपाय, असं वाटेल. तोही फसतो, आणि त्याची उदाहरणं आपल्या कोल्हापुरातच आहेत.

आपला एसटीडी कोड ०२३१. त्याची संख्या केली की होते २३१, कारण संख्येच्या आधी लिहिलेल्या शून्याला किंमत नाही, हे आपल्याला पाचवीतच शिकवलंय. पण टेलिफोनच्या शून्याला किंमत आहे. ते ‘गावाबाहेर फोन लावतोय’ ही खूण आहे, म्हणूनच परदेशातून कोल्हापूरला फोन लावताना ते वगळतात. दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या गाडीवर आहे: एमएच ०९. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर ही पाटी दिसली की आपण हॉर्न वाजवतो. तिची संख्या करून कुणी ‘एमएच ९’ लिहिलं तर नोंदणीही जुळणार नाही आणि कोल्हापूरकरही ऐकून घेणार नाही.

मुख्याध्यापकांना माहीत असलेलं एक उदाहरण देते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७. आता महाराष्ट्रात बसून एखाद्यानं प्रोग्राम लिहिला आणि या क्रमांकाला संख्या मानलं, तर त्याला आयुष्यभर काही अडचण दिसणार नाही. तोच प्रोग्राम राजस्थानात नेला, की तिथला कोड ०८, पहिलं शून्य गळतं आणि अकरा अंकांचे दहा होतात. आपल्या गावात चाललं म्हणजे बरोबर आहे, असं आमच्या धंद्यात कधीच म्हणता येत नाही.

मोठे क्रमांक आणखी निराळा दगा देतात. प्रकार न ठरलेल्या मूल्याची तुलना संख्येशी केली, की संगणक ‘डबल’ नावाच्या प्रकारात जातो. त्यात पूर्णांक २ च्या ५३ व्या घातापर्यंतच एकेक करून वेगळे ओळखता येतात. तो आकडा ९००७१९९२५४७४०९९२. सोळा अंकी. याच्या पुढचा, शेवटी ३ असलेला आकडा घ्या आणि दोन्ही सारखे आहेत का असं या पद्धतीनं विचारा. उत्तर येतं: हो, सारखे. एटीएम कार्डावरचा क्रमांकही साधारण सोळा अंकीच असतो. म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या मुलांना मी एकच कसोटी सांगते: या आकड्याची बेरीज करण्यात काही अर्थ आहे का? दोन मुलांच्या गुणांची बेरीज होते. दोन फोन नंबरांची बेरीज करून कुणाला फोन लावणार? जिथं बेरजेला अर्थ नाही, तिथं ती संख्या नव्हे. ते आकड्यात लिहिलेलं नाव आहे. शेतकरी मित्रांसाठी सांगते: १२/३ हा गट क्रमांक स्प्रेडशीटमध्ये टाकून बघा. जमिनीचा तुकडा जाऊन तिथं १२ मार्च उगवेल.

आता मघाच्या ‘तूर्त’कडे येते. फाइलमध्ये आकडे खरोखरच देवनागरी असतील तर? आपल्याकडच्या कितीतरी नोंदी तशा आहेत. एक्सएमएलमध्ये प्रकार ठरवून देण्याची जी व्यवस्था आहे, तिला एक्सएमएल स्कीमा म्हणतात. ती २ मे २००१ ला आली. तिच्यात ‘पूर्णांक’ हा प्रकार फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतो. देवनागरी ३५ ला तो पूर्णांक मानत नाही. पण त्याच स्कीमामध्ये ‘इथं कोणताही अंक चालेल’ असं सांगणारी एक खूण आहे, आणि ती जगातल्या सगळ्या लिप्यांचे दशमान अंक स्वीकारते, देवनागरीसुद्धा! म्हणजे दारावरचा शिपाई देवनागरी अंकाला ‘तू अंक आहेस, आत जा’ म्हणतो आणि आतला कारकून ‘तू संख्या नाहीस’ म्हणून परत पाठवतो. वर आणखी एक गंमत: नवीन एक्सपाथला संख्या देवनागरी आकड्यांत लिहून दाखव म्हटलं तर तो बिनचूक लिहून दाखवतो. लिहिता येतं, पण वाचता येत नाही, असा हा विद्यार्थी. उपाय सोपा आहे. दहा देवनागरी आकड्यांच्या जागी दहा इंग्रजी आकडे बदलून द्यायचे, एका ओळीचं काम. पण ती ओळ लिहायचं सुचायला, समोरून देवनागरी आकडे येऊ शकतात हे कुणाच्या तरी डोक्यात असावं लागतं. आपल्यासारख्या शाळांतून गेलेली माणसं या धंद्यात का हवीत, याचं हे एक साधं उत्तर आहे.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा प्रकार तारखेचा. इथं मी संगणकापासून थोडी बाजूला जाणार आहे, कारण हे काम संगणकाच्या कितीतरी आधी शाळांनी केलं आहे.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. सक्ती करायची तर मुलाचं वय कागदावर यावं लागतं. पण ज्या घरांत कुणी कधी तारीख लिहून ठेवली नव्हती, त्या घरातली आई काय सांगणार? ‘पंचमीच्या आधी झाला’, ‘पाऊस लांबला होता त्या साली’. ही माहिती खोटी नव्हती, अपुरीही नव्हती. गावात ती सगळ्यांना कळत होती. फक्त तिचा प्रकार तारीख नव्हता. रजिस्टरात मात्र रकाना होता जन्मतारखेचा. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही हवेत. पुढंही पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. शाळा जूनमध्ये उघडायची, वय अंदाजानं धरायचं, आणि गुरुजी लिहायचे: १ जून. अंकी आणि अक्षरी.

गुरुजींना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. रकाना रिकामा ठेवला असता तर ते पोर शाळेबाहेर राहिलं असतं. त्यांनी त्याला आत घेतलं. आणि अंकी लिहिलेलं पुन्हा अक्षरी लिहायची जी पद्धत आपल्या जनरल रजिस्टरात आणि दाखल्यावर आहे, ती तर आजही आम्हाला धडा घेण्यासारखी आहे. एखादा आकडा पुसट झाला, कुणी खाडाखोड केली, तर अक्षरं साक्ष देतात.

पण त्या एका रकान्याचा परिणाम बघा. महाराष्ट्रात दर वर्षी ३१ मे या एका दिवशी सरकारी कर्मचारी आणि शिक्षक मोठ्या संख्येनं निवृत्त होतात, कारण जन्मतारीख महिन्याची १ असली की आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती येते. माझ्या वडिलांचीही कागदावरची तारीख १ जून. आजी सांगायची, जोतिबाच्या चैत्री यात्रेनंतरच्या आठवड्यातला त्यांचा जन्म. घरात दोन्ही खरं मानलं जायचं, एक पेढे वाटायला आणि एक फॉर्म भरायला.

घरात ते खपून जातं, संगणकात खपत नाही. माझ्या कामात एकदा एक यादी आली होती. संस्थेचं नाव सांगत नाही. तिथं नियम होता, की नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की एकच माणूस समजायचं. एका गावातल्या दोन आजोबांचं नाव-आडनाव एकच, जन्म १ जून, वर्षही एकच. शाळेत दोघं एकाच दिवशी बसले असतील, दोघांची तारीख एकाच पेनानं लिहिली गेली असेल. संगणकानं एक नोंद ‘दुबार’ म्हणून बाजूला काढली आणि एका आजोबांचे पैसे थांबले. मी मीच आहे आणि तो तो आहे, हे सांगायला त्यांना कित्येक खेपा घालाव्या लागल्या. तारीख हा प्रकार माणसं वेगळी ओळखायला उपयोगी पडतो, कारण वर्षाला ३६५ दिवस असतात. सगळ्यांना एकच दिवस दिला तर तो ओळखीचा पुरावा राहत नाही. आणि हे त्या प्रोग्रामला कळणार कसं? खरी १ जून आणि मानलेली १ जून, दोन्ही फाइलमध्ये अगदी सारख्याच दिसतात.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो महाराष्ट्राशी जोडलेला आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आधारची ओळखतपासणी ज्या संदेशांतून होते ते एक्सएमएलमध्ये असतात. त्यात जन्मतारखेच्या जागी पूर्ण तारीख पाठवता येते किंवा नुसतं वर्षही पाठवता येतं. शिवाय तारखेच्या शेजारी तिची जात सांगणारी आणखी एक खूण असते: कागद बघून पडताळलेली, माणसानं स्वतः सांगितलेली, की अंदाजानं धरलेली. तुमच्यापैकी कुणाच्या आजी-आजोबांच्या आधार कार्डावर तारखेऐवजी फक्त जन्मवर्ष छापलेलं दिसलं असेल. ते अपुरं काम नव्हे. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगणारा तो प्रामाणिक रकाना आहे.

एक्सएमएल स्कीमातही ही सोय आहे. तिच्यात एकोणीस मूळ प्रकार आहेत. तारीख हा एक, पण नुसतं वर्ष हा वेगळा प्रकार, वर्ष आणि महिना हा वेगळा, महिना आणि दिवस हाही वेगळा. म्हणजे ‘चैत्रात, अमुक साली’ एवढंच माहीत असेल, तर १ जूनचा आधार न घेता जवळपास तेवढंच लिहिता येतं. प्रकार तयार आहेत. रकाना आखणाऱ्यानं ते वापरायचं मनावर घ्यावं लागतं.

तर माझं काम थोडक्यात हे आहे. फाइल आली की दारातच विचारायचं: तू गुण आहेस, की फोन नंबर, की तारीख? जिथं स्कीमा आहे तिथं तो लावून तपासायचं. जिथं नाही, तिथं प्रत्येक प्रश्नात प्रकार स्पष्ट लिहायचा, संगणकाच्या सोयीवर सोडायचा नाही. प्रकारात न बसणारं काही आलं तर ते मुकाट्यानं वाकवायचं नाही, थांबायचं आणि माणसाला विचारायचं. आणि मूळ जसं आलं तसं एका बाजूला जपून ठेवायचं, म्हणजे पुढं कुणी शहाणा आला तर त्याला ते पुन्हा वाचता येईल. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर नवी प्रणाली आली म्हणून रद्दीत घालू नका, असं मी ऑफिसमध्ये मघाशी सांगून आले, ते यासाठीच.

आता या सगळ्याचा आपल्याला लगेच उपयोग. समितीनं माजी विद्यार्थ्यांची संपर्कसूची करायचं ठरवलं आहे आणि ते काम माझ्याकडं दिलं आहे. फॉर्म बाहेरच्या टेबलावर आहेत. भरताना चार गोष्टी लक्षात ठेवा. नाव तुम्ही मराठीत जसं लिहिता तसं लिहा. लग्नानंतर बदललं असेल तर शाळेतलं नावही लिहा, नाहीतर आमच्यातल्या निम्म्या मुली सापडायच्या नाहीत. वाढदिवसाला फक्त दिवस आणि महिना विचारला आहे, कारण शुभेच्छा द्यायला वर्ष लागत नाही. कागदावरचा आणि घरचा असे दोन वाढदिवस असतील तर पेढ्यांचा कोणता ते लिहा. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ अशी चौकट आहे, तिथं खूण करा, अंदाजानं भरू नका. हे विशेषतः त्यांच्यासाठी, जे आज न आलेल्या मित्राचा फॉर्म भरणार आहेत.

मोबाइल क्रमांक कसाही लिहा, इंग्रजी आकड्यांत किंवा देवनागरीत. दोन्ही वाचायची व्यवस्था मी केली आहे.